अठ्ठावीस रुपयांचा सिनेमा

२००१च्या जनगणनेत बदलापूरची लोकसंख्या ९८ हजारांच्या आसपास होती. दहा वर्षांनी ती १ लाख ७४ हजारांवर गेली. शेजारचं अंबरनाथ त्याच काळात २ लाखांवरून अडीच लाखांवर पोचलं आणि उल्हासनगरने ५ लाखांचा आकडा ओलांडला. गिरगाव-लालबागच्या खोल्या सोडून, किंवा ठाणे-डोंबिवलीतली घरं परवडेनात म्हणून, हजारो मराठी कुटुंबं मध्य रेल्वेच्या या टोकाला राहायला आली. नोकऱ्या मात्र मुंबईतच राहिल्या. सीएसएमटीपासून बदलापूर ६८ किलोमीटर, म्हणजे रोजचे अडीच-तीन तास लोकलमध्ये. रात्री घरी पोचलेल्या माणसाने पुन्हा उठून दादरला शिवाजी मंदिरात नाटक किंवा प्लाझात सिनेमा बघायला जाणं आता शक्यच नव्हतं.

नेमकी हीच दहा वर्षं आपल्याकडे सीडी-डीव्हीडीची होती. नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये टीव्हीचं शोकेस आलं, टीव्हीखाली प्लेअर आला आणि शोकेसच्या काचेआड पातळ प्लॅस्टिकच्या डब्यांची रांग लागली. थिएटर दूर गेलं होतं, पण सिनेमा घरात आला. या तीन शहरांतल्या किती तरी माणसांच्या आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं की आवडलेला सिनेमा, आवडलेलं नाटक स्वतःच्या मालकीचं होऊन कपाटात ठेवता येऊ लागलं.

त्याआधी व्हिडिओ कॅसेट होतीच. पण कॅसेट विकत घेणारे थोडे. बहुतेकांनी ती भाड्याने आणली, व्हीसीआरसुद्धा भाड्याने आणला, एका रात्रीत तीन सिनेमे बघून सकाळी सगळं परत केलं. मुंबईची शेमारू कंपनी हा बदल सांगायला चांगलं उदाहरण आहे. १९६२ साली ती पुस्तकं घरपोच वाचायला देणारी लायब्ररी म्हणून सुरू झाली, १९७९मध्ये व्हिडिओ कॅसेट भाड्याने देण्याच्या धंद्यात उतरली आणि पुढे सिनेमांचे हक्क विकत घेऊन त्यांच्या सीडी-डीव्हीडी काढू लागली. भाड्याच्या वस्तूची विकतची वस्तू झाली ती या चकतीमुळे.

पहिली आली व्हीसीडी. फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी या कंपन्यांनी १९९३ साली तिचं तंत्र ठरवलं. गाण्याच्या सीडीसारखीच १२ सेंटिमीटर व्यासाची, १.२ मिलिमीटर जाडीची ही चकती. तिच्यात ७४ मिनिटांचं चित्र मावायचं. अमेरिकेने आणि युरोपने व्हीसीडीकडे फारसं पाहिलं नाही. चीन, हाँगकाँग, आग्नेय आशिया आणि भारत इथे मात्र तिने कॅसेटला हटवलं. कारणं साधी आहेत. दमट हवेत कॅसेटच्या फितीला बुरशी येते, फीत प्लेअरमध्ये अडकते, प्रत्येक वेळी बघितली की थोडी झिजते. व्हीसीडीला यातलं काहीच होत नाही. ती छापायला स्वस्त आणि चिनी बनावटीचे प्लेअरही स्वस्त.

उणीवही तितकीच ठळक होती. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ बिंदूंचं, म्हणजे एकूण जेमतेम १ लाख बिंदू. पाऊस, धूर, गर्दीचा प्रसंग आला की पडद्यावर चौकटी दिसू लागायच्या. अडीच तासांचा सिनेमा दोन चकत्यांवर असायचा, कधी तिसरीही लागायची. पहिली संपली की घरातलं कोणीतरी उठायचं, ट्रे बाहेर यायचा, दुसरी आत जायची. पहिली चकती वाक्याच्या मध्येच तुटलेली असेल तर कंपनीने काम उरकलंय हे कळायचं; चांगल्या कंपन्या प्रसंग संपेल तिथे किंवा मध्यंतराच्या जागी चकती बदलत. जुने संग्राहक आजही एवढ्या एका खुणेवरून कंपनीची पारख करतात.

डीव्हीडीने हा प्रश्न सोडवला. जपानमध्ये ती नोव्हेंबर १९९६मध्ये विक्रीला आली. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ गिगाबाइट, दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५ गिगाबाइट माहिती मावते. चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचं, व्हीसीडीच्या चौपट. शिवाय मूळ आवाज, दुसऱ्या भाषेतला आवाज, उपशीर्षकं, प्रसंगांची सूची आणि दिग्दर्शकाचं निवेदन हे सगळं एकाच चकतीत. पण आपल्याकडे बराच काळ अस्सल डीव्हीडीला शेकड्यांत पैसे मोजावे लागत आणि रस्त्यावरची चोरटी प्रत त्याच्या काही अंशात मिळे. मध्यमवर्गीय घर कुठे वळणार हे उघड होतं.

ते चित्र पालटलं २००७ साली. मोझर बेअर कंपनीने सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. दीपक पुरी यांनी १९८३ साली सुरू केलेली ही कंपनी फ्लॉपी आणि कोऱ्या सीडी बनवत बनवत या क्षेत्रातल्या जगातल्या सर्वांत मोठ्या उत्पादकांपैकी एक झाली होती. चकती स्वतःच्या कारखान्यात बनते, मग चोरट्या मालाच्या किमतीत अस्सल माल का देऊ नये, हा तिचा हिशोब. हिंदी, तामीळ, तेलुगू यांच्याबरोबर मराठीतही तिने सिनेमे काढले. पुठ्ठ्याच्या किंवा पातळ प्लॅस्टिकच्या वेष्टनातली ही चकती औषधाच्या दुकानात, स्टेशनरीच्या दुकानात, किराणा मालाच्या काउंटरवरही टांगलेली दिसू लागली. स्टेशनवरून घरी जाताना भाजीबरोबर एक सिनेमा घ्यावा, ही गोष्ट सहज झाली. पगारदार मराठी माणसाचा सिनेमासंग्रह खरा वाढला तो इथून.

उल्हासनगरची गोष्ट थोडी निराळी, आणि जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना ठेवलं गेलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी नव्या शहराची कोनशिला बसवली. छावणीचे पाच कॅम्प हेच आजही शहराचे पत्ते आहेत. माणूस ‘कॅम्प तीनला राहतो’ असंच सांगतो. सगळं मागे टाकून आलेल्या या लोकांनी व्यापारातून शहर उभं केलं, आणि आजूबाजूच्या गावांना कपडा, फर्निचर, टीव्ही-मिक्सर घ्यायला उल्हासनगरला जायची सवय लागली. बदलापूर-अंबरनाथच्या किती तरी घरांतले पहिले प्लेअर याच बाजारातून आले.

या बाजारातल्या सीडींच्या दुकानांत हिंदी सिनेमांच्या शेजारी सिंधी भाषेतला मालही असे. झूलेलाल या दैवताची भजनं, लग्नात गायचे लाडे, भगत या लोककलेचे कार्यक्रम, सिंधी नाटकं. बाहेरच्या माणसाचं तिकडे लक्ष जात नसे, पण सिंधी भाषेसाठी ही चकती फार मोलाची होती. या भाषेला स्वतःचं राज्य नाही. भारतात स्वतःची थिएटरं नाहीत. फाळणीनंतर भारतात निघालेला पहिला सिंधी बोलपट ‘अबाणा’ १९५८चा. शीला रमाणी त्यात मुख्य भूमिकेत होती, आणि तिच्या धाकट्या बहिणीच्या भूमिकेतली मुलगी म्हणजे पुढे हिंदीत गाजलेली साधना. अशा सिनेमाचा खेळ आज कुठे लागणार? उल्हासनगरातल्या एखाद्या आजोबांच्या घरी सिंधी नाटकाची व्हीसीडी असेल, तर ती कदाचित त्या प्रयोगाची शेवटची उरलेली प्रतही असू शकते.

मराठीचं दुखणं याहून फार वेगळं नाही, फक्त ते आपल्याला दिसत नाही. मराठी सिनेमा कुठे ना कुठे सापडतो. मराठी नाटक सापडत नाही.

या तीन शहरांतल्या संग्रहांत सर्वांत मोलाचा खण कोणता असेल तर तो नाटकांचा. मोठ्या नाट्यगृहात गाजलेलं नाटक बघायचं तर कल्याणच्या आचार्य अत्रे रंगमंदिरापर्यंत जावं लागे, तेही शनिवार-रविवारच्या तारखा जुळल्या तर. त्यामुळे नाटकाची व्हीसीडी इथे हौसेने घेतली जाई. पुण्याच्या फाउंटन म्युझिकसारख्या कंपन्यांनी नाटकं, एकपात्री प्रयोग, गाण्यांचे कार्यक्रम चित्रित करून बाजारात आणले. ‘मोरूची मावशी’त विजय चव्हाणांनी रंगवलेली मावशी, ‘शांतेचं कार्टं चालू आहे’मधले लक्ष्मीकांत बेर्डे, पु. ल. देशपांडे यांचे रंगमंचावरचे प्रयोग हे सगळं हजारो घरांत वारंवार बघितलं गेलं. ज्या मुलांनी शिवाजी मंदिराचा पडदा वर जाताना कधी पाहिला नाही, त्यांना हे संवाद पाठ झाले. पाहुणे आले की चहानंतर नाटक लावायचं, हा इकडचा रिवाजच होता. पुढचं वाक्य सगळ्यांना ठाऊक असायचं, तरी हसू यायचं ते यायचंच.

सिनेमाच्या प्रती वितरकाकडे असतात, निर्मात्याकडे असतात, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात असतात. नाटकाचं तसं नसतं. प्रयोग संपला की तो संपला. मूळ संचातले नट निवृत्त झाले, काही गेले. चित्रीकरण करणारी कंपनी बंद पडली. हक्क कोणाकडे आहेत हे विचारायलाही कोणी उरलं नाही. त्या नाटकाचं त्या नटसंचातलं जे रूप उरतं ते त्या दोन चकत्यांवर. चित्र धूसर असेल, कॅमेरा एकाच जागी खिळलेला असेल, प्रेक्षकांच्या टाळ्यांत एखादं वाक्य बुडालेलं असेल. तरीही पुढच्या पिढीतल्या नटाला, विजय चव्हाण साडीचा पदर सावरताना विनोदाची वेळ कशी साधत होते, हे शिकायचं असेल तर दुसरी शाळा नाही.

टीव्हीच्या बाबतीत तर हे नुकसान आपण डोळ्यांदेखत सोसलं आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. त्या काळी चित्रणाची टेप महाग होती आणि एका कार्यक्रमाच्या टेपवर दुसरा कार्यक्रम चित्रित करणं ही सर्रास चालणारी गोष्ट होती. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या ‘चिमणराव’ने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अख्ख्या मराठी मुलुखाला वेड लावलं होतं, आज त्या मालिकेचे फारच थोडे भाग पाहायला मिळतात. हे केवळ आपल्याकडे झालं असंही नाही. ब्रिटनच्या बीबीसीने ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे साठच्या दशकातले भाग असेच पुसून टाकले, आणि त्यातले नव्वदहून अधिक भाग अजून बेपत्ता आहेत. जे सापडले त्यांपैकी काही परदेशातल्या प्रक्षेपण केंद्रांत धूळ खात पडलेल्या प्रतींतून आले, काही खासगी संग्राहकांच्या घरांतून.

सिनेमाही सुरक्षित नाही. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चे काही भागच उरले. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झालं आणि पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून, फेरीवाल्यांकडून, बंद पडलेल्या थिएटरांच्या गोदामांतून रिळं जमवली. तरी ८ जानेवारी २००३च्या आगीत पुण्यात ‘प्रभात’ या चित्रपट कंपनीच्या मूळ नायट्रेट फिल्म जळाल्या. ‘संत तुकाराम’सारखे सिनेमे वाचले, कारण त्यांच्या दुसऱ्या फिल्मवर केलेल्या प्रती अन्यत्र होत्या. जितक्या प्रती जितक्या जास्त ठिकाणी, तितका सिनेमा जगण्याचा संभव अधिक. हे संग्रहशास्त्रातलं पहिलं सूत्र आहे. बदलापूरच्या शोकेसमधली चकती त्या सूत्रात कुठे बसते, हे वेगळं सांगायला नको.

आता कोणी म्हणेल, मोबाइलवर सगळं असताना चकती कशाला?

२०१६ हे वर्ष इथे महत्त्वाचं. जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आलं, सप्टेंबरमध्ये जिओ आलं, डिसेंबरमध्ये ॲमेझॉन प्राइम व्हिडिओ आलं. त्याच वर्षी मार्च उजाडण्यापूर्वी मुंबईच्या काळा घोडा भागातलं, चाळीसच्या दशकापासून चालत आलेलं ‘ऱ्हिदम हाउस’ हे सीडी-डीव्हीडींचं दुकान बंद झालं. बदलापूरहून कामाला जाणारा सिनेवेडा महिन्याच्या पगारानंतर तिथे एक चक्कर मारायचा. ती चक्कर संपली. मोझर बेअरही कर्जात बुडाली आणि २०१८मध्ये न्यायाधिकरणाने ती अवसायनात काढण्याचा आदेश दिला. अमेरिकेत टपालाने डीव्हीडी पाठवण्यापासून सुरुवात केलेल्या नेटफ्लिक्सने ५ अब्जांहून अधिक चकत्या पाठवल्यानंतर २९ सप्टेंबर २०२३ रोजी ती सेवा थांबवली.

पण महिन्याचं शुल्क भरून जे मिळतं ती फक्त बघायची परवानगी असते. ३१ मार्च २०२३ हा दिवस अनेकांच्या लक्षात असेल. त्या दिवशी हॉटस्टारवरून एचबीओच्या सगळ्या मालिका निघून गेल्या, कारण दोन कंपन्यांमधला करार संपला. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ अर्ध्यावर बघत असलेला प्रेक्षक अर्ध्यावरच राहिला. काही आठवड्यांनी त्या मालिका जिओ सिनेमावर दिसू लागल्या. मोठ्या मालिकेला दुसरं घर मिळतं. नव्वदच्या दशकातल्या मराठी सिनेमाचा करार संपला तर त्याला दुसरं घर मिळेलच असं नाही. शिवाय आवृत्ती बदलते. ‘द फ्रेंच कनेक्शन’ या १९७१च्या गाजलेल्या सिनेमातला एक वादग्रस्त संवाद २०२३मध्ये ऑनलाइन आवृत्तीतून कोणालाही न सांगता काढलेला आढळला. ज्यांच्याकडे चकती होती त्यांच्याकडे तो प्रसंग जसाच्या तसा होता.

आपल्याकडचं उलट उदाहरण ‘शोले’चं. १९७५मध्ये सेन्सॉरच्या आक्षेपामुळे शेवट बदलावा लागला. मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला ठार मारतो. तो २०४ मिनिटांचा सिनेमा थिएटरात दिसला नाही, पण कॅसेट आणि डीव्हीडीवर फिरत राहिला आणि संग्राहकांनी तो जपला. पुनर्संचयित ‘शोले’ मूळ शेवटासह इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात दाखवला गेला तो थेट २०२५मध्ये. मधली वर्षं तो शेवट माहीत असलेली माणसं होती, कारण त्यांच्या कपाटात तो होता.

म्हणून वेष्टनाच्या मागे छापलेली मिनिटं आधी वाचावीत. एकाच जुन्या सिनेमाच्या चार कंपन्यांनी काढलेल्या चार चकत्या असतात. एकीत दोन गाणी गायब, दुसरीत सुरुवातीची श्रेयनामावली कापलेली. भारतीय कायद्यात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो. ‘श्यामची आई’ १९५३चा. तो या मुदतीतून केव्हाच बाहेर आला. असे सिनेमे कोणीही छापू शकतो, आणि मग कोणती प्रत चांगल्या रिळावरून केलेली आणि कोणती झिजलेल्या कॅसेटवरून उचललेली, हे बघूनच ठरवावं लागतं.

‘थ्री इन वन’ डीव्हीडीबद्दलही सावध राहायला हवं. तीन सिनेमे एका चकतीत, किंमत एकाची. उल्हासनगरच्या बाजारात त्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे खपले. हिशोब करून बघावा. साडेसात तासांचं चित्र ४.७ गिगाबाइटमध्ये कोंबलं तर दर सेकंदाला साधारण १.४ मेगाबिट माहिती वाट्याला येते, म्हणजे जवळपास व्हीसीडीइतकीच. उलट दोन थरांच्या चकतीवर एकच सिनेमा असेल तर हा आकडा सातच्या पुढे जातो. डीव्हीडी म्हणून घेतलेली वस्तू प्रत्यक्षात व्हीसीडीच्या पातळीची निघते ती अशी. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने २०१२पासून ‘सिनेमाज ऑफ इंडिया’ या नावाने जे पुनर्संचयित सिनेमे काढले, ते याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहेत. त्यातला अवतार कौल यांचा ‘२७ डाउन’ या पट्ट्यातल्या माणसाने जरूर मिळवावा. १९७४च्या या सिनेमात मुंबईची स्टेशनं, फलाटावरची गर्दी आणि डब्यातलं एकटेपण जसं पकडलंय तसं क्वचितच कोणी पकडलं असेल.

ब्ल्यू-रे २००६मध्ये आला. एका थरात २५ गिगाबाइट, दोन थरांत ५०, आणि चित्र आजच्या मोठ्या टीव्हीवरही डोळे निववणारं. मराठी सिनेमाच्या वाट्याला तो फारसा आला नाही. ‘कोर्ट’सारख्या चैतन्य ताम्हाणेंच्या जगभर नावाजलेल्या मराठी सिनेमाची डीव्हीडी अमेरिकेत निघाली, पण इकडून मागवताना विभागाची (रीजन कोडची) भानगड आडवी येते. डीव्हीडीसाठी भारत विभाग ५मध्ये, अमेरिका १मध्ये. ब्ल्यू-रेसाठी भारत ‘सी’ गटात. न्यू जर्सीतल्या मराठी घरांनी याच्या उलट बाजूचा त्रास भोगला आहे. सुट्टीत भारतातून बॅगेत भरून नेलेल्या नाटकांच्या चकत्या तिथल्या जुन्या टीव्हीवर नीट चालत नसत, कारण आपल्याकडची चित्रपद्धत पाल आणि तिकडची एनटीएससी. दोन्ही पद्धती वाचणारा प्लेअर घेणं हाच उपाय, आणि तसे प्लेअर आता जुन्या बाजारातच मिळतात.

या तीन शहरांतल्या संग्राहकाचा खरा वैरी पाणी आहे, असं वाटणं साहजिक आहे. २६ जुलै २००५ला उल्हास आणि वालधुनी नद्यांचं पाणी तळमजल्यांवर शिरलं. २०१९च्या जुलैत बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी सोडवावं लागलं. पुरात पुस्तकांचा लगदा होतो, कॅसेट मरते. कारखान्यात छापलेली चकती मात्र बहुतेक वेळा वाचते. ती पॉलिकार्बोनेटची असते आणि माहिती या प्लॅस्टिकमध्ये ठशासारखी उमटवलेली असते. वेष्टन आणि छापील कागद गेले तरी चकती चिखल वाळण्याआधी साध्या पाण्यात बुडवून काढायची, भांडी घासण्याच्या सौम्य साबणाचा एक थेंब लावायचा, पुन्हा स्वच्छ पाणी, आणि मऊ सुती कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसायचं. गोल गोल पुसायचं नाही. माहिती सर्पिल वाटेवर लिहिलेली असते. आडवा ओरखडा त्या वाटेला क्षणभर छेदतो आणि सीडी साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतची तूट गणिताने भरून काढते. वाटेच्या बाजूने गेलेला गोल ओरखडा सलग माहिती खातो, आणि ती भरून निघत नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. सीडी-व्हीसीडीची चकाकणारी खालची बाजू आपण जपतो, पण नाजूक असते ती नावाची, वरची बाजू. ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर तिथे केवळ लाखेच्या आवरणाखाली असतो. तिथे बॉलपेनने नाव लिहिलं, चिकटपट्टी लावून ओढली, की तो थरच निघतो. डीव्हीडीत हा थर प्रत्येकी ०.६ मिलिमीटरच्या दोन प्लॅस्टिक-चकत्यांच्या मध्ये चिकटवलेला असतो, त्यामुळे ती वरून जास्त टणक. पण चिकटवणंच निकृष्ट असेल तर थर सुटतो. अमेरिकेच्या वॉर्नर ब्रदर्सने २००६ ते २००८च्या सुमारास छापलेल्या अनेक डीव्हीडी अशाच खराब झाल्या आणि २०२५मध्ये कंपनीने ते मान्य केलं. घरी कधीही न वाजवलेली चकतीही मरू शकते. वर्षातून एकदा लावून बघणं हाच त्यावर इलाज.

सर्वांत लवकर मरतात त्या घरी किंवा स्टुडिओत ‘जाळलेल्या’, म्हणजे कोऱ्या चकतीवर माहिती भरून केलेल्या चकत्या. छापील चकतीचा तळ सहसा रुपेरी असतो, जाळलेलीचा जांभळट किंवा हिरवट. तिच्यात माहिती रंगद्रव्याच्या थरात असते आणि ऊन, उष्णता यांनी तो रंग उडतो. आता आठवून बघा, या चकत्यांवर काय आहे. लग्नं. मुंजी. बारशी. सोसायटीच्या गणपतीत मुलांनी बसवलेलं नाटक, आता हयात नसलेल्या आजीने म्हटलेलं मंगळागौरीचं गाणं. फोटोग्राफरने दिलेली ती एकुलती एक प्रत लग्नाच्या अल्बमच्या मागच्या खिशात वीस वर्षं पडून आहे.

रद्दीच्या दुकानात चकत्या प्लॅस्टिक म्हणून वजनावर जातात. बाकीच्या बाल्कनीत दोऱ्याला टांगलेल्या दिसतात, कबुतरं येऊ नयेत म्हणून. रिक्षांच्या आणि टेम्पोंच्या मागेही त्या चमकत असतात. दुकानात गठ्ठा दिसला तर तो चाळण्यासारखा असतो. मधल्या भोकाभोवतीच्या पारदर्शक कड्यावर बारीक अक्षरांत ‘आयएफपीआय’ने सुरू होणारा सांकेतिक क्रमांक असेल तर ती बहुधा अस्सल, कारखान्यात छापलेली प्रत. चोरट्या मालावर तो सहसा नसतो. या चोरीची धास्ती एवढी होती की महाराष्ट्राने झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले यांच्यासाठी केलेल्या १९८१च्या स्थानबद्धतेच्या कायद्यात पुढे ‘व्हिडिओ पायरेट’ही घातला. एखाद्या अस्सल मराठी नाटकाच्या दोन्ही चकत्या पूर्ण आणि स्वच्छ मिळाल्या, तर कितीही किरकोळ दिसल्या तरी त्या घ्याव्यात.

बदलापुरात जमवण्याची परंपरा नाही असं कोण म्हणेल? श्याम जोशी यांनी उभं केलेलं ‘ग्रंथसखा’ वाचनालय दुर्मीळ मराठी पुस्तकांसाठी आणि जुन्या नियतकालिकांसाठी महाराष्ट्रभर ओळखलं जातं. संशोधक मुंबई-पुण्याहून तिथे येतात. जे काम पुस्तकांसाठी एका गावात होऊ शकलं ते नाटकांच्या आणि मालिकांच्या चकत्यांसाठीही होऊ शकतं. सुरुवातीला लागते फक्त यादी. नाटकाचं नाव, नटसंच, कंपनी, वर्ष असेल तर वर्ष, मिनिटं, चकत्या किती, चालतात का. एकेका सोसायटीतल्या चार हौशी माणसांनी अशी यादी केली, तरी कोणती नाटकं किती घरांत शिल्लक आहेत याचा पहिल्यांदा अंदाज येईल. सिंधी चकत्यांचं काम उल्हासनगरातल्या मंडळींनी हाती घ्यायला हवं, कारण ती भाषा वाचू-समजू शकणारी पिढी म्हातारी होत चालली आहे.

प्लेअर फेकून देऊ नका. तो बिघडला असेल तर बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह अजून बाजारात मिळतो आणि संगणकाला यूएसबीने लागतो. आणि येत्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून चकत्यांचा खोका खाली आला, तर तो थेट भंगारवाल्याच्या हातात देऊ नका. जांभळ्या तळाच्या घरगुती चकत्या आणि नाटकांच्या चकत्या आधी बाजूला काढा, एकेक लावून बघा आणि ज्या चालतील त्यांची एक प्रत घरच्यापुरती त्याच आठवड्यात हार्ड डिस्कवर करून ठेवा.